दृष्टिपटलाची उलट बाजू

मनुष्याच्या हातून घडणाऱ्या चुका दोन प्रकारच्या असतात. जे ठाऊक नसते त्यापोटी एक चूक घडते; आणि जे फार चांगले ठाऊक आहे असे वाटते त्यापोटी दुसरी. पहिलीवर अभ्यास हे औषध आहे. दुसरीवर मात्र कोणीतरी निर्मळ मनाने विचारलेला प्रश्न, एवढाच उपाय. तो प्रश्न विचारणारे माणूस वयाने लहान असले, तरी मोठ्यांनी तो कान देऊन ऐकावा, हे त्यांचे कर्तव्य होय.

शके १९८३, म्हणजे इसवी सन २०६१. मार्गशीर्षातील थंड सकाळ. नाशिकच्या एका नेत्रसंशोधन केंद्रात, खिडकीजवळच्या खाटेवर सायली लकारे बसल्या होत्या. येवल्याच्या या विणकरबाईंनी तीस वर्षे पैठणी विणली. मात्र गेली चार वर्षे त्यांच्या दृष्टीच्या ऐन मध्यभागी एक करडा डाग बसला होता. समोरच्याचे कान त्यांना दिसत, चेहरा दिसत नसे. पदराचे काठ दिसत, त्यातला मोर दिसत नसे. आज अकरा वाजता त्यांच्या उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया होणार होती.

शेजारी त्यांची भाची मैथिली, वय वर्षे दहा, डब्याच्या पांढऱ्या झाकणावर दोन शेंगदाणे मांडून बसली होती. दोन दाण्यांमध्ये आठ सेंटीमीटरचे अंतर होते. तिने झाकण डोळ्यांसमोर धरले, डावा डोळा मिटला, उजव्या डोळ्याने डावीकडच्या दाण्यावर नजर रोखली आणि झाकण हळूहळू जवळ आणले.

"आजोबा! शेंगदाणा गेला!"

"खाल्ला असशील," सायलीआत्या म्हणाली. "आणि माझ्यासमोर खाऊ नकोस गं. मी काल रात्रीपासून उपाशी आहे."

"नाही गं आत्या, खरंच! उजवीकडचा दाणा इथं तीस सेंटीमीटरवर आला की नाहीसा होतो. अजून जवळ आणला की परत येतो."

आजोबा, म्हणजे डॉक्टर उमाकांत लकारे, पुस्तकातून मान वर करून हसले. ते सायलीचे वडील आणि या केंद्राचे प्रमुख. लहानपणी मागावर बसलेला हा मुलगा पुढे डोळ्याच्या अभ्यासाला लागला, आणि त्याची मुलगी मात्र पुन्हा मागावर जाऊन बसली.

"तुझ्या डोळ्यात एक भोक आहे मैथिली," ते म्हणाले. "ते माझ्याही डोळ्यात आहे. त्याचं नाव अंधबिंदू."

"आत्याच्या डागासारखं?"

"नाही. आत्याचा डाग हा रोग आहे. अंधबिंदू मात्र जन्मतः सर्वांना असतो. दोन्ही समजून घ्यायचे तर आधी दृष्टिपटल समजलं पाहिजे."

आजोबांनी सावकाश सांगावयास आरंभ केला. डोळ्याच्या पुढच्या भिंगातून प्रकाश आत शिरतो आणि मागच्या भिंतीवर समोरच्या दृश्याची उलटी प्रतिमा पडते. त्या भिंतीला आतून लागून एक नाजूक पडदा असतो. तेच दृष्टिपटल (प्रकाशाचे संदेशात रूपांतर करणारा पेशींचा पडदा). त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. पण त्या जाडीत पेशींचे एकावर एक असे थर रचलेले असतात.

"त्यांतल्या दोन जातींच्या पेशी प्रकाश टिपतात," आजोबा म्हणाले. "दंडपेशी (काठीसारख्या लांबट पेशी) सुमारे बारा कोटी. त्या मंद उजेडातही काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही. म्हणून चांदण्यात तुला जास्वंद लाल दिसत नाही, काळपट दिसते. दुसऱ्या शंकुपेशी (निमुळत्या टोकाच्या पेशी), सुमारे साठ लाख. त्यांना उजेड भरपूर लागतो, पण रंग आणि बारकावे त्याच दाखवतात. त्यांची सर्वांत दाट वस्ती पडद्याच्या मधोमध, पीतबिंदूपाशी (पिवळसर रंगाच्या, जिच्यामुळे सर्वांत स्पष्ट दिसते त्या जागी)."

"आणि माझी तीच वस्ती उजाड झाली," आत्या म्हणाली. "वेशीवरचे लोक तेवढे उरलेत."

"म्हणून तुला कान दिसतात आणि नाक नाही!" मैथिली म्हणाली. "पण आजोबा, माझं भोक कशासाठी?"

"प्रकाश टिपला की पेशी तो निरोप पुढच्या थराला देते, तो त्याच्याही पुढच्या थराला. साडेबारा कोटींहून अधिक पेशींचे निरोप निवडून, एकत्र करून शेवटी बारा लाखांच्या आसपास तंतू उरतात. त्यांची एक जुडी होते. तिला दृष्टिचेता (डोळ्यातून मेंदूकडे जाणारी मज्जातंतूंची जुडी) म्हणतात. ती डोळ्याबाहेर पडते, तिथे पडद्याला वाट सोडावी लागते. त्या वाटेवर प्रकाश टिपणारी पेशी नाही. तुझा शेंगदाणा नेमका तिथे पडला. मेंदूने आजूबाजूचा पांढरा रंग पसरून जागा भरून काढली, म्हणून तुला भोकसुद्धा दिसलं नाही."

मैथिलीने झाकणावरचा दाणा पुन्हा सरकवून पाहिला. पलीकडे सूत्रधर उपकरणे मांडत होता. केसाहून बारीक कामे करणारा हा यंत्रमानव शस्त्रक्रियेत डॉक्टरांचा हात होत असे. त्याच्यासमोर काचेच्या बशीत, पोषक द्रवात, चार मिलिमीटर रुंदीची एक पारदर्शक पट्टी तरंगत होती. तिची जाळी रेशमाची. सायलीबाईंनी स्वतः, बोटांच्या खुणांनी सूत्रधरचे सूक्ष्म हात चालवून, ती विणली होती. त्या जाळीवर त्यांच्याच त्वचेपासून घडवलेल्या शंकुपेशी दहा महिने वाढवल्या होत्या. अशी दुसरी पट्टी तयार नव्हती. डोळ्याचा तो भाग दुसऱ्यांदा उघडणेही शक्य नव्हते.

"आजोबा," मैथिली हळूच म्हणाली, "त्या तंतूंच्या तारा जर पडद्याच्या मागे असत्या, तर मागच्या मागे निघून गेल्या असत्या ना? भोक कशाला पाडावं लागलं असतं? म्हणजे तारा पडद्याच्या पुढे आहेत?"

आजोबांनी पुस्तक मिटले. "बरोबर. अगदी बरोबर."

"उजेडाच्या वाटेत?"

"उजेडाच्या वाटेत. पण त्या पाण्यासारख्या नितळ असतात. पीतबिंदूपाशी तर त्या बाजूला सरकून वाट मोकळी करून देतात."

"मग सूत्रधरा," मैथिली वळून म्हणाली, "तुझ्या पट्टीत तारांची बाजू कोणती?"

"दोन्ही बाजू समान आहेत," सूत्रधर म्हणाला.

"असं कसं असेल?"

"जाळी विणताना मी विचारले होते की, हिची सुलट बाजू कोणती. सायलीबाई म्हणाल्या, 'आमच्या कापडाला उलट बाजू नसतेच रे बाबा.' मी तशी नोंद केली. आचार्यांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, ती वाचून संमती दिली. पट्टी चिमट्यात जशी येईल तशी बसवायची आहे."

 पैठणीचे हे वैशिष्ट्यच आहे. एकेका रंगाचा धागा वेगळ्या तिल्लीवर (धागा गुंडाळलेल्या बारीक काडीवर) घेऊन शेजारच्या धाग्यात असा अडकवीत जातात की मागे एकही सुटा दोरा लोंबत नाही. पदर उलटला तरी तोच मोर, तीच वेल. विणकराच्या घरी मूल बोलू लागण्याआधी हे वाक्य ऐकते.

"दादा," आत्या वडिलांना म्हणाली, "मी जाळीबद्दल बोलले होते. पेशींबद्दल नाही."

"ठाऊक आहे मला." आजोबांचा आवाज खाली गेला होता. "ते वाक्य मी वाचलं आणि मान डोलावली. चाळीस वर्षं दृष्टिपटल शिकवलं मी. तिथे दुसऱ्या कोणी 'दोन्ही बाजू समान' असं लिहिलं असतं, तर त्याला जाब विचारला असता. पण हे वाक्य मी लहानपणी माझ्या आजीच्या तोंडून ऐकलेलं. तपासायचं सुचलंच नाही. चूक माझी आहे, सायली."

"तुला तरी कळायला हवं होतं!" मैथिली सूत्रधरला म्हणाली.

"मला विणकामातले कळत नाही. म्हणून मी विश्वास ठेवला. ती सोय माझ्या रचनेत अलीकडेच घातली आहे."

"काढून टाक म्हणावं," आत्या पुटपुटली.

साडेनऊ वाजले होते. आजोबांनी शल्यचिकित्सक डॉक्टर झरीन मोमीन यांना बोलावून घेतले आणि घडलेले सारे, स्वतःचा दोष न झाकता, सांगितले. डॉक्टर मोमीन यांनी ऐकून घेतले. "अकरापर्यंत बाजू पक्की कळली आणि खूण झाली, तर करू," त्या म्हणाल्या. "नाही तर मी हात लावणार नाही." आत्याने नुसती मान हलवली. तिच्या हातांची बोटे मात्र पांघरुणाच्या काठाशी चाळा करीत राहिली.

बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली गेली. आजोबांनी स्वतः पाहिले, मग मैथिलीला पुढे केले.

"काय दिसतं?"

"एका बाजूला निमुळती टोकं आहेत. दाटीवाटीनं उभी. दुसऱ्या बाजूला बारीक शेपट्या."

"निमुळत्या टोकांतच प्रकाश टिपणाऱ्या रंगद्रव्याचा साठा असतो. शेपट्यांतून निरोप पुढे जातो. आता सांग, कोणती बाजू उजेडाकडे ठेवायची?"

"टोकं! सूर्यफूल नाही का सूर्याकडे तोंड करतं?" एवढे बोलून ती थबकली. मग तिने झाकणावरचे दाणे पुन्हा पाहिले. "थांबा, थांबा. तारा पुढे असतात. तारांना निरोप शेपट्या देतात. म्हणजे शेपट्या पुढे. म्हणजे टोकं... मागे? उजेडाकडे पाठ करून?"

"पाठ करून."

"हे काय वेड्यासारखं! पाठ करून कोण बघतं?"

"मलाही तुझ्या वयात तसंच वाटलं होतं," आजोबा म्हणाले. "पण पेशीला बघण्याखेरीज आणखी एक काम असतं. कोणतं?"

मैथिलीने आत्याकडे पाहिले. आत्या म्हणाली, "मला विचारशील तर, जेवणं."

"उपाशी माणसाला बरोबर सुचलं! प्रकाश टिपणारी पेशी शरीरातल्या सर्वांत खादाड पेशींपैकी एक आहे. तिचं स्वयंपाकघर मागच्या भिंतीत आहे. तिथे रंजकथर (काळ्या रंगद्रव्याने भरलेला पोषक थर) असतो. तो रक्तातलं अन्न तिला पोचवतो. उजेड टिपून विटलेलं रंगद्रव्य पुन्हा ताजं करून देतो. इतकंच नव्हे, तिची टोकं रोज थोडी झिजतात, तो झिजलेला भागही तोच उचलून नेतो. टोकं त्या थरात रुतलेली असायलाच हवीत."

"आणि आपण उलटी ठेवली असती तर?"

 उत्तर आत्याने दिले, अगदी शांतपणे. "पेशी उपाशी मेल्या असत्या. आणि मी वाट बघत बसले असते."

सव्वादहा झाले. पट्टी द्रवात सारखी फिरत होती. नुसत्या डोळ्यांना तिच्या दोन्ही बाजू सारख्याच. चिमट्याने उचलताना ती उलटली, तर कळणार कसे? सूत्रधरने टिंब काढण्याची सूचना केली. पण पारदर्शक पट्टीवरचे टिंब दोन्हीकडून टिंबच दिसते.

आत्या अचानक हसली. "अगं, आपण एवढी वर्षं एक वाक्य अर्धंच म्हणत आलो. पैठणीला उलट बाजू नसते, खरं आहे. पण पोपट असतो ना! एका बाजूनं त्याची चोच उजवीकडे दिसली, तर पदर पालटल्यावर डावीकडे दिसते. कापड तेच, पण पोपट सांगतो तुम्ही कुठून बघताय ते. सूत्रधरा, पेशी नाहीत अशा काठावर काळ्या रेशमाचा एक पोपट घाल. शेपट्यांच्या बाजूनं बघितलं की डोकं वर आणि चोच उजवीकडे."

"पोपटाची अचूक मापे द्यावीत," सूत्रधर म्हणाला.

"मापं कसली मागतोस? हात पुढे कर. मी सांगते तसा धागा फिरव." आणि डोळ्यांनी न दिसणारा पोपट तिने बोटांनी हवेत काढून दाखवला. वीस मिनिटांत तो पट्टीच्या काठावर बसला होता. मैथिलीने, आजोबांनी आणि डॉक्टर मोमीन यांनी सूक्ष्मदर्शकातून तो पाळीपाळीने तपासला. तिघांनी एकमेकांना न विचारता बाजू सांगितली, आणि तिघांचे उत्तर एकच आले. अकराला पाच मिनिटे कमी असताना खाट आत नेण्यात आली.

शस्त्रक्रिया दोन तास चालली. बाहेर आल्यावर डॉक्टर मोमीन एवढेच म्हणाल्या, "चोच उजवीकडे."

पट्टी नीट बसली, तरी दृष्टी काही दुसऱ्या दिवशी येत नसते. नव्या पेशींच्या शेपट्यांनी जुन्या तंतूंशी जोड जुळवावे लागतात, आणि ते निरोप वाचावयास मेंदूला पुन्हा शिकावे लागते. पहिले तीन आठवडे डागाच्या जागी नुसता उजेड होता. मग धुके आले. धुक्यात हालचाल आली. या काळात आजोबांनी केंद्राच्या नियमांत एक नवा नियम लिहिला: प्रत्येक शस्त्रक्रियेपूर्वी, त्या विषयातले काही न जाणणाऱ्या एका व्यक्तीने समोर बसून प्रश्न विचारावेत, आणि सर्वांनी त्यांची उत्तरे द्यावीत. केंद्रात आणखी अकरा जणांच्या पट्ट्या वाढत होत्या. त्या सर्वांना हा नियम लागू झाला.

दहाव्या आठवड्यात, येवल्याच्या घरी, मैथिली आत्यासमोर बसून शाळेतली काहीतरी हकीकत हातवारे करून सांगत होती. आत्याने तिला मध्येच थांबवले.

"थांब. तोंड उघड जरा. आ कर."

"का गं?"

"तुझा सुळा कधी पडला?"

मैथिलीने झटकन तोंडावर हात ठेवला. "परवा. सांगायचंच राहिलं."

"राहू दे," आत्या म्हणाली, आणि तिचा हात हळूच बाजूला करून त्या रिकाम्या जागेकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. दारात उभे असलेले आजोबा आत वळले.

जिने विणले तिचे, जिने विचारले तिचे, आणि ज्याने आपली चूक चारचौघांत उच्चारली त्याचेही कल्याण असो. ज्यांच्या दृष्टीपुढे अद्याप डाग आहे, त्यांच्यापर्यंतही हा उजेड सावकाश का होईना, पोहोचो.