एकशे बारावी फेरी

"बायको बरोबर आणली नाहीस?" डॅडींनी वहीतून मान वर न काढता विचारलं.

"नाही, सर."

"बहीण? आई?"

"गाडीसुद्धा उसनी आहे, सर. बाईमाणूस कुठून आणू?"

मला हसू आलं, आणि ते लपवायला मी पेन्सिलीला टोक करू लागले. टेबलासमोर एक उंच, उन्हाने रापलेला तरुण उभा होता. टोपी हातात, बुटांना लाल माती. हसू त्याने पाहिलं होतं.

१९५५ सालचा लेबर डे, सप्टेंबरचा पहिला सोमवार. कॉटर्स ग्रोव्हच्या शर्यतीचं ते सहावं वर्ष होतं. पहिल्या वर्षी तंबाखूच्या रिकाम्या शेतात अकरा गाड्या पळाल्या होत्या. त्यातल्या निम्म्या तरी एरवी डोंगरातली चोरटी दारू वाहायच्या, हे शेरिफसकट सगळ्यांना ठाऊक होतं. आता लाकडी कठडा होता, तिकीट होतं आणि नियम होते. त्यातला एक नियम फेऱ्यांचा हिशेब बघणाऱ्या डॅडींचा. प्रत्येकाने आपल्या फेऱ्या टिपायला आपलं माणूस आणायचं. बहुतेकांच्या बायका यायच्या. आमच्या मचाणावर ओळीने बसायच्या आणि आपली गाडी रेषा ओलांडून गेली की समोरच्या मोठ्या घड्याळात बघून कार्डावर वेळ लिहायच्या. दोनशे फेऱ्या, दोनशे नोंदी. टिपणारं माणूस नसेल तर गाडी आत घेतली जायची नाही.

डॅडींनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आर्डिथ, याची चौतीस नंबरची गाडी तू लिही."

"नाव?" मी कार्ड पुढे ओढलं.

"कॉय रॅटलिफ. व्हर्जिनिया." तो थोडा वाकला. "मिस आर्डिथ, मी फार वेगात गेलो तर लिहायला जमेल ना?"

"तुम्ही फार हळू गेलात तर झोप लागायची. तेवढी काळजी घ्या."

त्या दिवशी तो नववा आला. जाताना मचाणाखाली थांबून त्याने वर पाहिलं आणि टोपीला हात लावला… एवढंच. पण मला ते पुढच्या सप्टेंबरपर्यंत पुरलं.

पुढच्या वर्षी त्याने पुन्हा कोणाला बरोबर आणलं नव्हतं. गाडी मात्र स्वतःची होती, गडद निळी.

"या वेळी तरी कोणी भेटली असेल," मी म्हटलं.

"भेटल्या. पण अक्षर चांगलं नव्हतं."

साठाव्या फेरीला आभाळ फुटलं. लाल मातीचा चिखल झाला आणि शर्यत दोन तास थांबली. सगळे गाड्यांकडे पळाले. तो मात्र मचाणाच्या पत्र्याखाली आला, केसांतून पाणी गळत, हातात उकडलेल्या शेंगांची ओली पिशवी. पत्र्यावर पावसाचा इतका आवाज होता की बोलायचं तर जवळ वाकावं लागायचं. आम्ही बरंच बोललो.

तो करवतीच्या गिरणीत कामाला होता. वडिलांची दोन बोटं त्या गिरणीत गेली होती. "मला तिथे म्हातारं व्हायचं नाही," तो म्हणाला. शेंगा सोलून तो दाणे माझ्या बाजूला ठेवत होता आणि स्वतः खात नव्हता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

"तुम्ही का खात नाही?"

"तुम्ही खाताना बघतोय," तो म्हणाला, आणि कानांपर्यंत लाल झाला.

त्या वर्षभरात सात पत्रं आली. सातव्यात 'मिस' गळून पडलं होतं.

१९५७ च्या शर्यतीला डेट्रॉइटहून दोघे जण आले होते. मोठ्या संघासाठी चालक शोधायला, असं सगळीकडे बोललं जात होतं. सकाळी कॉय मचाणावर चढून आला. माझ्या कार्डाच्या कोपऱ्यावर बोट टेकवून उभा राहिला.

"आज चांगलं लिही," तो म्हणाला.

"तू चांगलं चालव."

शंभराव्या फेरीला तो पहिला होता. त्याच्या मागे आमच्या गावचा ओथा ब्लँटन, दुधाची गाडी चालवणारा, चव्वेचाळीस वर्षांचा, आठ वर्षांत एकदाही न जिंकलेला. मग तिसऱ्या वळणावर दोन गाड्या एकमेकींत अडकल्या आणि त्यातली एक कठड्यावर जाऊन पेटली. काळा धूर सगळ्या वळणावर पसरला. गाडी निळी होती. मी उठून उभी राहिले. धूर जरा विरळ झाला तेव्हा दारावरचा आकडा दिसला… चौऱ्याऐंशी. लाईल स्ट्राउड. बावीस वर्षांचा, माझ्याच शाळेतला. मी खाली बसले. पुढची वेळ लिहिली, त्याच्या पुढचीही.

लाईल गेल्याचं शर्यत संपताना कळलं. तोवर शर्यत संपल्याचा चौकड्यांचा झेंडा पडला होता. रेषा कॉयने आधी ओलांडली होती, पण माझ्या कार्डावर त्याच्या एकशे नव्व्याण्णवच फेऱ्या होत्या. ओथाच्या कार्डावर दोनशे. चषक ओथाला मिळाला.

कॉय मचाणावर आला. तक्रार करायला एक तास असतो, डॅडींनी त्याला सांगितलं. त्याने कार्ड हातात घेतलं आणि वरपासून खालपर्यंत वाचलं.

"आर्डिथने लिहिलंय," तो म्हणाला. "ठीक आहे."

मी त्याच्याकडे बघितलं नाही. त्याने कार्ड टेबलावर ठेवलं आणि तो खाली उतरला. डेट्रॉइटची माणसं ओथाशी दोन शब्द बोलून, त्याचं वय पाहून निघून गेली. पुढच्या वर्षी व्हर्जिनियाहून कोणीच आलं नाही. मी दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही.

शर्यत चालूच राहिली. एकसष्ट साली मातीवर डांबर पडलं. पासष्ट साली काळ्या लोकांना वेगळं बसवायचा दोर निघाला. काही जुनी माणसं रागावून घरी बसली, आणि दोन वर्षांनी मुकाट्याने परत आली. एकोणसत्तर साली डॅडी गेले. मी शाळेत शिकवत होते. लग्न केलं नाही. दोनदा विचारणा झाली, दोन्ही माणसं चांगली होती.

पंचाहत्तर साली जमीन विकली गेली. येती शर्यत शेवटची, म्हणून समितीने मला शर्यतीचा इतिहास लिहायला सांगितला. छोटी पुस्तिका, दारावर विकायला. कचेरीतली खोकी माझ्या स्वयंपाकघरात आली. जुलैच्या एका दुपारी सत्तावन्न सालची कार्डं हातात आली.

सहज म्हणून मी चौतीस नंबरचं आणि ओथाचं कार्ड शेजारी शेजारी ठेवलं. एकशे अकराव्या फेरीपर्यंत दोघांच्या वेळा पाठोपाठ होत्या, चार-पाच सेकंदांच्या अंतराने. पुढे मात्र ओथाच्या दोन नोंदी होत्या आणि तेवढ्याच वेळात कॉयची एकच. त्यानंतर पुन्हा दोघं पाठोपाठ, कॉय पुढे.

एक फेरी मी लिहिलीच नव्हती.

मी उठून नळ सोडला, बंद केला, पुन्हा येऊन बसले. त्या नोंदी चार वेळा तपासल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी काढली.

व्हर्जिनियातल्या त्या गावात रॅटलिफचं गॅरेज विचारावं लागलं नाही, रस्त्यावरच होतं. तो एका ट्रकच्या बॉनेटमध्ये वाकला होता. कानशिलं पिकली होती. त्याने मान वर केली आणि हातातल्या फडक्याला कितीतरी वेळ बोटं पुसत राहिला.

"आर्डिथ," तो म्हणाला. प्रश्न नव्हता तो.

मी दोन्ही कार्डं ट्रकच्या मडगार्डवर ठेवली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. त्याने वाकून पाहिलंसुद्धा नाही.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. मी गाडी चालवत होतो, आर्डिथ. ओथा माझ्या पुढे एकदाही गेला नव्हता."

"मग बोलला का नाहीस? एक तास होता तुझ्याकडे."

"त्या तासात लाईलला चादरीखालून नेत होते. त्याची आई तिथेच होती, कुंपणाला धरून." त्याने फडकं खाली ठेवलं. "तिच्यासमोर उभं राहून म्हणू, की माझी एक फेरी राहिली?"

आत कुठेतरी रेडिओ चालू होता.

"आणि पुढच्या वर्षी? माझ्या पत्रांना तरी…"

"तू माझ्याकडे बघितलं नव्हतंस. मला वाटलं, तुला चूक कळलीय. मी दिसलो की दर सप्टेंबरला तुला ते आठवत राहील." तो थांबला. "गिरणीत परत गेलो होतो. पत्रात लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग उशीर झाला. मग लग्न केलं. व्हेरा तिचं नाव. चार वर्षांपूर्वी गेली. चांगली होती."

"मला कळलं नव्हतं, कॉय. कालपर्यंत कळलं नव्हतं. तुझ्याकडे बघितलं असतं तर सगळ्यांसमोर रडले असते, म्हणून…" मी त्या ओळीवरून बोट काढलं. "गाडी निळी होती. मला वाटलं, तूच आहेस. तू माझ्या खालून, वीस फुटांवरून गेलास, आणि मी तुला त्या आगीत शोधत होते."

त्याने एक जुनी खुर्ची ओढली, मला बसवलं आणि समोर उकिडवा बसला. काळ्या ग्रीसने भरलेले हात माझ्या हातांपर्यंत आले आणि अडले.

"हात घाण आहेत," तो म्हणाला.

"असू देत."

मी तीन दिवस राहिले, त्याच्या बहिणीकडे. तिसऱ्या दिवशी, नदीकाठच्या रस्त्यावर त्याने विचारलं, इथे राहशील का, माझ्याबरोबर. की मी तिकडे येऊ? गॅरेज काय, कुठेही काढता येतं.

"आधी पुस्तिका पुरी होऊ दे," मी म्हटलं. "सत्तावन्न सालची ओळ कोरी आहे. ओथाला सांगितल्याशिवाय ती लिहिता येणार नाही."

"ओथा बासष्ट वर्षांचा आहे. त्याच्याजवळ तेवढाच एक चषक आहे. राहू दे ना."

"तुझ्यासाठी लिहीत नाहीये मी," मी म्हटलं. "चूक माझी आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. "मग एकटी जाऊ नकोस."

ओथा ओसरीवर बसला होता. दोन वर्षांपूर्वीच्या झटक्यानंतर त्याचा डावा हात मांडीवर नुसता पडून असायचा. त्याची बायको मर्ल आइस्ड टी घेऊन आली आणि आमचे चेहरे बघून तिथेच थांबली. मी कार्डं त्याच्या मांडीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. मध्ये एकदाही थांबले नाही.

त्याने चष्मा मागितला. नखाने एकेक ओळ खाली सरकत गेला. आतल्या खोलीत, उघड्या दारातून, कपाटावरचा चषक दिसत होता.

"अठरा वर्षं," तो शेवटी म्हणाला, "लोक मला विचारतात, ओथा, तू त्या रॅटलिफला मागे कुठे टाकलंस? मी काहीबाही सांगतो. कधी म्हणतो दुसऱ्या वळणावर, कधी चौथ्या." त्याने चष्मा काढला. "मला ते कधी आठवलंच नाही. मला वाटायचं, माझंच डोकं गेलं."

मर्लने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"चषक घेऊन जा, पोरा," ओथा कॉयला म्हणाला.

"नको, मिस्टर ओथा. मी त्यासाठी आलो नाही."

"मग इतक्या लांब कशाला आलास?"

"ती एकटी येणार होती."

ओथाने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याच्या वाकड्या झालेल्या तोंडाचा एक कोपरा हलला.

"आर्डिथ, तुझ्या डॅडींचं कार्ड कधी चुकलं नाही असं म्हणायचे. ते तसंच छापायचं म्हणशील तर मी मरेपर्यंत गप्प बसेन. मर्लही बसेल."

"नाही, मिस्टर ओथा."

"मग लिही. इथेच लिही, माझ्यासमोर. म्हणजे मला एकदा वाचता येईल."

मी पर्समधून हस्तलिखित काढलं आणि ओसरीच्या कठड्यावर ठेवून लिहिलं. १९५७, विजेता कॉय रॅटलिफ, चौतीस नंबर. दुसरा ओथा ब्लँटन. रॅटलिफच्या एकशे बाराव्या फेरीची नोंद फेऱ्या टिपणाऱ्या आर्डिथ गेन्सकडून राहून गेली. त्याच फेरीत लाईल स्ट्राउड, वय बावीस, मरण पावला.

ओथाने ते दोनदा वाचलं आणि कागद परत दिला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. मग कॉयकडे वळून, "आता तुम्हा दोघांचं पुढे काय?"

"ते तिच्यावर आहे," कॉय म्हणाला. त्याची टोपी दोन्ही हातांत गोल गोल फिरत होती. "मी विचारलंय. ती म्हणते, पुस्तिका पुरी झाल्यावर सांगेन."

मर्ल माझ्याकडे बघत होती. ओथाही. कॉय मात्र बघत नव्हता, खाली ओसरीच्या फळ्यांकडे नजर लावून उभा होता.

मी हस्तलिखिताची पानं सारखी केली, त्यांना दोरा गुंडाळला आणि गाठ मारली.

"पुरी झाली," मी म्हटलं.