सात फूट चार इंच

हे तुम्हाला पटायचं नाही. पटलंच, तर मी सांगण्यात कुठंतरी कमी पडलो असं समजा.

तटाच्या आतलं आमचं गाव टोपलीएवढं. एक दरवाजा, एक विहीर आणि तटालाच पाठ टेकून बसलेली साठ घरं. मी नकाशे काढायचो. धाकट्या बहिणीचा नवरा गवंडी. चालायचा इतका ताठ, की सगळे त्याला ओळंबाच म्हणत. त्या वर्षी हुकूम निघाला: तट सहा फुटांहून कमी जाड भरेल, तिथलं घर पाडायचं. मोजायचं राहिलं होतं ते बहिणीचंच.

तिच्या मागच्या खोलीत तटाला आरपार भोक आहे, पूर्वी बाण सोडायला ठेवलेलं. ओळंबा वेशीतून वळसा घालून खंदकाकडे निघाला. मी वही शेजारी ठेवली आणि काठीला बांधून मोजायची फीत भोकात सरकवली. मोजताना बोलायचं नाही, अशी आमची रीत. दगडात आवाज घुमतो, सहाचे नऊ ऐकू येतात. पलीकडच्यानं टोक टेकवलं, की दोन झटके द्यायचे.

दोन झटके आले. सात फूट चार इंच. घर वाचलं.

मी आकडा लिहीत होतो, तेवढ्यात ओळंबा दारातून आत आला. हातात चहाचे दोन कप. म्हणाला, उन्हात जायच्या आधी घोटभर घेऊ.

फीत ताठच होती.

मी ती हळूच ओढली. पलीकडून तितक्याच हळू ओढली गेली.

भोकातून सतत येणारा गार वारा थांबला होता.

मी हात सोडला. फीत सरसरत आत गेली, ती गेलीच.

ओळंब्याला जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून त्याच खोलीत, बहिणीला हसवायला, मी हे सांगतो. दरवेळी एखादा झटका वाढवतो. आज मात्र तिनं हातातलं शिवण खाली ठेवलं.

"दादा, खोटं. चहा घेऊन तूच खंदकात गेला होतास. टोक यांच्याच हातात होतं आणि तू शेजारी उभा. मी विहिरीवर होते. मग आतून फीत ताणली कोणी, आणि वहीत आकडा कोणी लिहिला, हे शेवटपर्यंत मला विचारत होते ते."