जिन्यावर बोलायचं नाही

कामाच्या पहिल्याच दिवशी तिच्या पायावर बूट पडला. लहानसाच, पण घोट्याला आधार द्यायच्या पट्ट्या लावलेला, चांगला जड. शाळेच्या जिन्यावर ती कळवळून थांबली आणि वर बघते तो काय — कडेवर सात वर्षांची पोरगी, गळ्यात दप्तर, हातात ओली छत्री, असा एक उंच माणूस ओशाळून उभा!

"सॉरी हं... फार लागलं का? जरा तो बूट देता का उचलून?"

ती वाकणारच होती. तेवढ्यात तिच्याबरोबरच्या फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, "कुणी उचलायचा नाही. जिचा बूट आहे ती उचलेल."

या बाई शाळेतल्या मुलांना चालायला, बसायला, चढायला शिकवायच्या, आणि ही त्यांच्या मागेमागे राहून ते काम शिकायला आली होती. नुसतं बघायचं, मध्ये हात घालायचा नाही, हा पहिला धडा. मुलांनी दुपारपर्यंत तिचं नावही पाडलं — सावली.

पोरीला खाली उतरवलं. तिनं कठडा धरला, गुडघे वाकवले. बूट हातात आला, निसटला, पुन्हा आला. मोठ्या माणसांना तोवर काही उद्योगच नव्हता. भिंतीकडे तरी किती वेळ बघणार? मग त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"मी हिचा मामा," तो म्हणाला. "ताई पहाटेच कामावर जाते, म्हणून ही स्वारी माझ्याकडे."

"आणि तुम्ही काय करता?"

"लिफ्ट दुरुस्त करतो."

सावलीनं जिन्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. हसू दाबायचा तिनं खरंच प्रयत्न केला होता.

"हसा, हसा! सगळ्या जगाच्या लिफ्ट मी चालू करतो आणि माझ्या भाचीला मीच लिफ्ट."

भाचीला घरात ठमी म्हणत, आणि ती होतीही तशीच ठसकेबाज. रोज सकाळी व्यायामाच्या खोलीत ठमीनं आपले बूट आपणच घालायचे, असा बाईंचा हुकूम होता. ठमी एक पट्टी लावेपर्यंत चहा उकळून गार झाला असता. तोवर मामा आणि सावली पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला टेकवून बसत. मदत करायची नाही म्हटल्यावर करणार काय? गप्पा.

पंचाईत एकच होती. अख्खी शाळा त्याला 'मामा' म्हणायची, अगदी झाडलोट करणाऱ्या मावशीसुद्धा. सावलीला काही केल्या ते म्हणवेना. मग एक दिवस तिच्या तोंडून निघून गेलं, "अहो, तुमची छत्री राहिली!"

मावशींनी केरसुणी थांबवून नको तेवढा मोठा खोकला काढला. सावलीचे कान लाल झाले. तो दारातून वळला, छत्री घेतली आणि अगदी साळसूदपणे म्हणाला, "उद्याही विसरली तर चालेल ना?"

तो रोज विसरू लागला. ऊन पडलं तरी छत्री येत होती आणि विसरली जात होती. आणि सावलीला तो आवडत होता. त्याचा आवाज, ठमीच्या मानेवरचे केस तो हलक्या हातानं बाजूला करायचा ते, बोलताना मध्येच थांबून तिच्याकडे बघायचा... सगळंच आवडत होतं. घरी आईनं "एवढं काय गं त्या शाळेत?" म्हणून दोनदा विचारून झालं.

पण ठमी शिकत होती ना! बोटं सरावली. बूट लवकर चढायला लागले. एका सकाळी पट्टी पहिल्याच फटक्यात लागली, बाईंनी टाळ्या वाजवल्या, सावलीनंही वाजवल्या, आणि मामा हळूच पुटपुटला, "एवढी घाई काय आहे गं..."

सावलीनं चमकून त्याच्याकडे बघितलं. तिच्या मनातही नेमकं तेच आलं होतं. दोघं हसले आणि दोघांनाही लाज वाटली.

बाईंच्या नजरेतून काय सुटतंय! त्या दुपारी त्यांनी सावलीला बाजूला घेतलं. "आता ठमी जिना चढणार. आवाज झाला की ती दचकते, अंग ताठ होतं आणि पाय सुटतो. जिन्यावर कुणीही बोलायचं नाही. मी वर असेन, तू तिच्या मागे. नजर तिच्या गुडघ्यांवर. दुसरीकडे कुठेही नाही. कळलं?"

"कळलं, बाई."

जिन्याच्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून आला. काहीतरी बोलायचं होतं त्याला. सावलीला ते दारातच समजलं. बूट घालताना बोलू, असं त्यानं ठरवलं असणार. पण ठमीनं दोन्ही बूट चटचट चढवले आणि ती म्हणाली, "चला!"

झालं. बोलायला वेळच उरला नाही.

ठमीनं कठडा धरला. एक पाऊल वर, दुसरं त्याच्या शेजारी. थांबली. सावली तिच्या मागे, दोन्ही हात तिच्या कमरेजवळ, पण न लावता. तेवढ्यात मागच्या पायरीवरून मामाचा, श्वासाइतका हलका आवाज तिच्या कानाशी आला.

"कंपनी दुसऱ्या गावी मोठी जागा देतेय. आत्ताच कळवायचंय... तुम्ही राहा म्हणालात तर राहतो."

राहा. एवढा एकच शब्द. तो सावलीच्या ओठांवर आलासुद्धा. पण ठमीचा गुडघा थरथरत होता, पाऊल अर्धं हवेत होतं. सावलीनं मान वळवली नाही. मागे फक्त एक हात केला — थांबा.

तो थांबला. मग त्याच्या खिशातला फोन थरथरला. तो वाजू नये म्हणून मुठीत घट्ट धरून, चवड्यांवर, तो खाली उतरून गेला. ठमीला चाहूलही लागली नाही.

ती वर पोचली तेव्हा वर्गातली पोरं धावत बाहेर आली, नुसता कल्ला झाला. बाई सावलीला म्हणाल्या, "नजर हलली नाही तुझी. जमेल तुला हे काम."

सावलीनं ते नीट ऐकलंही नाही. ती धावत खाली आली. तो दाराशी उभा होता, फोन खिशात ठेवत.

"कळवलंत?"

"हो, येतो म्हणून. साहेबांना धीर नव्हता."

"मी... थांबा म्हणत होते."

"समजलं होतं मला." तो हसला, पण नेहमीसारखं नाही. "आणि खरं सांगू? त्या वेळी तुम्ही माझ्याकडे वळला असतात, तर मलाच राग आला असता तुमचा."

परत फोन करा, एवढंच म्हणायचं होतं. नाही जात म्हणून सांगा. त्यानं वाटही बघितली, अगदी उघड उघड बघितली. आणि ही वेडी काय म्हणाली?

"छान झालं. मोठी जागा आहे."

"हो... मोठी आहे."

तो निघाला. फाटकाशी पोचल्यावर त्याची चाल मंदावली आणि तो थांबला. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण मधल्या साऱ्या सकाळी सावली एकच गोष्ट शिकली होती: थांबलेल्याला हाक मारायची नाही, त्याचं पाऊल त्यानंच टाकायचं. ती श्वास रोखून बघत राहिली.

त्यानं पाऊल टाकलं. फाटकाबाहेर.

"सावलीताई!" वरून कठड्याला लोंबकळत ठमी ओरडली. "मी चढले ते तू सगळं बघितलंस ना?"

"बघितलं की."

"सगळं? मध्येच इकडेतिकडे नाही ना बघितलंस?"

"नाही गं," सावली म्हणाली. "फक्त तुझ्याकडेच बघत होते."

आणि खालच्या पायरीवर बसून ती रडायला लागली.