डोलोमाइट लाजत नाही

"अहो, खरवडू नका तो दगड!"

माझा आवाज पत्र्याच्या शेडमध्ये घुमला आणि समोरचा उंच माणूस चाकू हातात धरून तसाच थबकला. जमिनीत खोल ड्रिल करून काढलेल्या दगडांच्या कांड्या आम्ही या शेडमध्ये लाकडी पेट्यांत मांडून ठेवतो. आणि हा कुणी अनोळखी माझ्याच पेटीतली कांडी खुशाल खरवडून तिच्यावर ॲसिडचा थेंब टाकत होता!

"फसफसतंय," तो म्हणाला. "चुनखडी आहे."

"खरवडलंत म्हणून फसफसतंय. पूड झाली की डोलोमाइटही फसफसतो. अख्ख्या दगडावर टाका ना थेंब."

त्यानं टाकला. थेंब नुसता बसून राहिला... गप्प.

त्यानं थेंबाकडे पाहिलं. मग माझ्याकडे — जरा जास्तच वेळ.

"आमच्या जुन्या प्रयोगशाळेत आधी खरवडायचे," तो म्हणाला. "धूळ असते म्हणून."

"आमच्याकडे आधी विचारतात."

तो हसला. त्याच्या बोटांची टोकं लालभडक होती. म्हणजे दगडाच्या पातळ चकत्या कापून रंगात बुडवणारा, प्रयोगशाळेत नवीन आलेला तो हाच! अख्खं ऑफिस त्याला 'लाल्या' म्हणायला लागलं होतं.

"आणि तुम्ही भ्रंशबाई," तो म्हणाला. माझंही बारसं ऑफिसनंच केलेलं. कुठल्याही विषयावरून मी भ्रंशावर, म्हणजे जमिनीतल्या खोल चिरेवर, येते म्हणून.

मग त्याचं हसू एकदम मावळलं. "एक मिनिट... या सगळ्या पेट्या चुनखडीच्या आहेत, असं मी साहेबांना कळवून बसलोय."

हे माझं पहिलं स्वतंत्र काम होतं. माझं म्हणणं एवढंच, की जमीन जिथे खोलवर चिरली आहे, त्या भ्रंशातून कधीकाळी गरम, खारं पाणी वर चढलं. ते चुनखडीत मुरलं, तिच्यातलं थोडं कॅल्शियम घेऊन गेलं आणि त्या जागी स्वतःबरोबर आणलेलं मॅग्नेशियम ठेवून गेलं. चुनखडीचा डोलोमाइट झाला, पण फक्त भ्रंशाला बिलगलेल्या पट्ट्यात. डोलोमाइट हवा असेल तर पुढचं भोक तिथेच पाडा, असा माझा हट्ट. साहेबांना ते पलीकडच्या माळावर हवं होतं. याचा रिपोर्ट खरा धरला, तर माझं काम तिथेच गुंडाळलं जाणार.

"मी सांगतो साहेबांना," तो म्हणाला.

"नुसतं सांगून भागणार नाही. दाखवावं लागेल."

मग आम्ही दाखवायच्या मागे लागलो. तो चकत्या कापायचा, घासायचा, रंगात बुडवायचा. मी शेजारी बसून कुठली चकती भ्रंशापासून किती लांबची ते सांगायची. लांबच्या चकत्या रंगात पडल्या पडल्या लाल व्हायच्या.

"बघा, चुनखडी कशी लाजली!" तो म्हणायचा.

भ्रंशाजवळच्या मात्र पांढऱ्या त्या पांढऱ्याच.

"डोलोमाइट लाजत नाही," मी ऐटीत म्हटलं.

"हो ना. भ्रंशबाईंसारखाच."

"...काम करा."

माझ्या चहाच्या कपावर त्याच्या बोटांचे लाल ठसे उमटायला लागले. मी तो कप जरा हळूच धुवायची. आईचा फोन आला तर म्हणाली, "एवढी खुशीत का गं?"

"दगड बरोबर निघतायत, आई."

"दगड," आई म्हणाली. "बरं."

मीटिंगमध्ये साहेबांनी चष्मा काढला. "रिपोर्ट काय रोज बदलायचा?"

तो उभा राहिला. "चूक माझी होती, साहेब. मी खरवडून बघितलं. या चकत्या पाहा. पुढचं त्या सांगतील, शोध त्यांचा आहे." आणि खाली बसला.

माझं एक वाक्यसुद्धा त्यानं घेतलं नाही! मी बोलत गेले, आणि तो असा ऐकत राहिला की जणू पहिल्यांदाच ऐकतोय.

"ठीक आहे, पाडा," साहेब म्हणाले. "पण चुनखडी निघाली तर—"

"निघणार नाही," मी म्हटलं. माझाच आवाज मला नवा वाटला.

कांडी वर आली तेव्हा ओल्या दगडाचा गार वास सुटला होता. त्यानं चाकू मुकाट्यानं खिशात घातला आणि ॲसिडची बाटली माझ्या हातात दिली. मी थेंब टाकला. सगळे वाकून बघत राहिले.

गप्प! थेंब नुसता बसून राहिला.

कांडीतल्या पोकळीत पांढरे स्फटिक चमकत होते. त्यांच्या कडा घोड्याच्या खोगिरासारख्या वळलेल्या. ही गरम पाण्याची खूण. साहेबांनी स्वतः माझ्यासाठी पेटीचं झाकण धरलं आणि म्हणाले, "भ्रंशबाई, मानलं!" माझी मान अशी ताठ झाली, की त्या दिवशी मी आरशात बघितलं असतं तर स्वतःलाच सलाम ठोकला असता.

सगळे पांगले. तो तिथेच घुटमळत होता.

"मी आत्ताच घरी फोन केला," तो म्हणाला. "आईला म्हटलं, जिच्या दगडांना मी चुनखडी ठरवलं, ती बरोबर निघाली. आणि मिरवावंसं मला वाटतंय. का, ते कळत नाहीये."

"मग?"

"आई म्हणाली, गाढवा, तुला चांगलं कळतंय. जा, विचार तिला." तो थांबला. "तर... विचारतोय."

मी पेटीवर वाकले. झाकण उगाचच पुसत राहिले. कानांपर्यंत गरम गरम काहीतरी चढत गेलं...

"अहो," तो हळूच म्हणाला, "डोलोमाइट लाजत नाही म्हणाला होतात."

"खरवडल्यावर त्याचं काय होतं," मी वर न बघता म्हटलं, "तेही सांगितलं होतं."

आणि मग मात्र मी वर बघितलं.