बाराव्या होलची घंटा

"काका, त्या दिवशी तुम्ही घंटा वाजवलीच नव्हती ना?"

भिंगरीने एका दमात विचारून टाकलं आणि जीभ चावली. पैजच तशी होती! 'विचारून दाखव, उद्याच्या स्पर्धेत तुझी बॅग आम्ही वाहू,' असं तिचे मित्र पोपट आणि चष्मा म्हणाले होते. आता दोघंही शेडच्या दाराशी मान खाली घालून उभे होते.

गोल्फच्या मैदानावर गवत कापायचं यंत्र चालवणारे काका पाती पुसत होते. चेंडू लागून त्यांचा डावा डोळा कायमचा गेला होता.

"दोनदा ओढली दोरी," ते म्हणाले. "मला तिचा आवाज ऐकू येत नाही, पोरी. यंत्र सुरू, कानांवर ही जाड झाकणं. पण तुझे बाबा पडले क्लबचे सेक्रेटरी! ते म्हणतात, घंटा वाजलीच नाही. उद्या तुमची स्पर्धा सुरू होईल, तेव्हाच माझ्याबद्दलची बैठक. मग नोकरीही गेली समज."

"दुखतं का हो?" हा प्रश्न पैजेतला नव्हता.

"वाकलं की."

तिघं बाहेर पडली. पण उद्याच्या फेरीची आखणी तर करायलाच हवी होती! मैदान भलतंच खट्याळ. भिंगरी पावलं मोजायची, चष्मा वहीत लिहायचा आणि पोपट फुकटचे सल्ले द्यायचा.

"पाचव्या होलला तळ्याच्या अलीकडेच थांब. मागच्या वेळी बेडकांना चेंडू वाटलेस!"

"वाटले तर वाटले! तुझे होते का?"

"माझेच होते!"

बारावा होल अपघातापासून बंद होता, उद्याच उघडणार होता. मध्ये टेकडी, पलीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही! म्हणून माथ्यावर घंटा. पलीकडे उतरणाऱ्याने ती वाजवायची आणि ती ऐकली की चेंडू मारणाऱ्याने थांबायचं.

"एकशे चाळीस पावलं!" भिंगरी धापा टाकत घंटेपाशी पोहोचली. "चष्म्या, तू खालीच थांब. ऐकू येतं का सांग!"

तिने जोर लावून दोरी ओढली.

ठप्प.

"ओढ की!" खालून चष्मा ओरडला.

"ओढलीये!"

पोपट सरसर खांबावर चढला. "अगं, आतल्या लोलकाला काहीतरी गुंडाळलंय!"

त्याने ते सोडवून खाली टाकलं. नारिंगी रबराची पट्टी. तिच्यावर निळ्या शाईचे इवले इवले मासे.

भिंगरीने पट्टी उचलून पाहिली. गणिताचा अभ्यास करताना तिनेच काढले होते ते मासे, आपल्या गोल्फ स्टिकच्या मुठीवर. गेल्या सुट्टीत मुठीवरची पट्टी बदलताना बाबा म्हणाले होते, 'राहू दे, कशाला तरी उपयोगी पडेल.'

"कोणाची गं?" पोपटाने विचारलं.

माहीत नाही म्हणणं किती सोपं होतं!

"आमच्या घरातली."

पोपट सरसर खाली उतरला.

शेडमध्ये काका ती पट्टी कितीतरी वेळ चाचपत राहिले. "शाबास, पोरांनो," ते हळूच म्हणाले. "मलाच वाटायला लागलं होतं, की आपण दोरी ओढलीच नसेल."

भिंगरी घरी पोहोचली, तेव्हा बाबा स्पर्धेची यादी लिहीत होते. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. भिंगरीने पट्टी थेट यादीवर ठेवली. बाबांचं पेन थांबलं.

"घंटेमुळे क्लबमधल्या पाहुण्यांची दुपारची झोपमोड होत होती," ते म्हणाले. "दोनच दिवसांसाठी बांधली होती. सोडायची... राहून गेली."

"आणि काकांचा डोळा गेल्यावर?"

बाबांनी पट्टी यादीवरून बाजूला सरकवली.

"अहो, म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" आईच्या हातातली घडी तशीच राहिली.

भिंगरीने पट्टी पुन्हा हातात घेतली.

"आई, बाबा, मी ठरवलंय. उद्या मी खेळणार नाही. बैठकीत काकांच्या शेजारी बसणार आहे. ही पट्टी कोणी बांधली, ते बाबा, तुम्ही सांगा. तुम्ही नाही सांगितलंत, तर मी सांगेन."