पहिल्या खेळाची तारीख

कायदा सरळ होता. चित्रपट ज्या वर्षी पहिल्यांदा लागला, ते वर्ष संपल्यापासून साठ वर्षं हक्क निर्मात्याचा; मग तो सगळ्यांचा. साताऱ्याला वकिली करणाऱ्या रेश्माचं भांडण होतं फक्त एका वर्षाचं. निर्मात्याचा नातू, इस्लामपूरचा उदयसिंह, म्हणायचा, पहिला खेळ १९६५ चा. म्हणजे २०२५ संपेपर्यंत मालक तोच. १९६४ ठरलं, तर यंदा म्हसवडच्या रथाच्या जत्रेत ती खुशाल पडदा लावणार होती. नायिका तिची आजी, तानुबाई. बंगल्यावर यायला नकार दिला म्हणून त्या निर्मात्यानं तिचं नाव श्रेयनामावलीतून उडवलं होतं. रेश्माला पोस्टरवर तेवढं एकच नाव छापायचं होतं, मोठं.

चित्रपटाची एकच प्रत उरलेली, दहिवडीच्या आकारामआबांकडं. त्यांचा सिनेमाचा फिरता तंबू होता. पहिला खेळ झाला की ते रिळाच्या डब्याच्या झाकणावर खिळ्यानं तारीख कोरत. झाकणावर होतं: ५ डिसेंबर १९६४.

ते बघायला उदयसिंह इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात भर दुपारी आबांच्या गोदामात आला; रेश्मा आधीच तिथं होती. गोदामाला आतून कडी घालून आबांनी मशीन चालू केलं.

"बघू झाकण," म्हणत उदयसिंहानं गाडीच्या किल्लीनं तारीख खरवडून काढली. पत्रा किरकिरला. "आता दाखव कोर्टात, वकीलबाई."

"आज्यानं केलं तेच करतोयस."

"रक्तच हाय त्यांचं. काय करतीस?"

पडद्यावर जत्रा होती. तानुबाई कमरेवर घागर घेऊन चालत आली. थांबली. मान वळवून उदयसिंहाकडं बघू लागली.

"ही हितं थांबत न्हवती," आबा पुटपुटले. "दोनशे येळा दावलाय ह्यो पिच्चर."

गोदामात धुरळ्याचा, बैलांचा, गरम भज्यांचा वास सुटला. उदयसिंहाचं हसू अर्ध्यात राहिलं.

तानुबाईनं घागर खाली ठेवली.

हात पुढं केला.

दिवा गेला.

आला तेव्हा उदयसिंहाची खुर्ची रिकामी होती. कडी आतून तशीच. बाहेर त्याची गाडी उन्हात तापत होती.

आबांनी रीळ पुन्हा लावलं. जत्रेच्या गर्दीत, तंबूच्या दाराशी, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला एक माणूस छातीशी पाटी धरून उभा होता. खडूनं लिहिलेलं: आज पहिला खेळ, ५ डिसेंबर १९६४. ओठ हलत होते. आवाज नव्हता.

"बंद करू, पोरी?"

रेश्मानं पाटीवरची तारीख वाचली. "ऱ्हाऊ द्या, आबा. पुरावा हाय त्यो."

रथाच्या दिवशी चार खेळ झाले. चौथ्याला त्याचे हात थरथरायला लागले, पाटी कमरेपर्यंत घसरली. तानुबाई जाता जाता थांबली. दोन्ही हातांनी तिनं पाटी उचलली आणि पुन्हा त्याच्या छातीशी नीट लावली.