एका शब्दासाठी येरझाऱ्या

"अहो, बाजूला व्हा… नाहीतर मी तरी होतो!"

जिन्यात आम्ही दोघं एकाच वेळी डावीकडे सरकलो, मग एकाच वेळी उजवीकडे. त्याच्या हातात हनुवटीपर्यंत कागदांचा गठ्ठा, आणि मी आपली पुटपुटत पायऱ्या चढतेय-उतरतेय. कामात अडलं की मला खुर्ची टोचते. त्या आठवड्यात मी इतकी अडले होते, की अनुवादाच्या आमच्या कचेरीतल्या सगळ्यांनी निमूटपणे लिफ्ट धरली होती. हा नवा होता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"काही हरवलंय का?"

"शब्द," मी खेकसले. "ख्युनन. डच आहे. इंग्रजीत येईल तर शपथ!"

"हात्तिच्या! 'अवॉर्ड'. मी तर रोज करतो. परवाच एका कंत्राटदाराला अख्खा पूल ख्युनन केला."

म्हणजे हा निविदांचे कागद डचमधून इंग्रजीत आणणारा. मला हसू आलं, पण राग त्याच्या आधी पोचला.

"माझ्या कादंबरीत कंत्राटदार नाहीत हो. दोन बहिणी आहेत. दोघींना एकच घर हवं असतं, ते धाकटीला मिळतं. तेव्हा थोरली तिला म्हणते… मला नाही मिळालं, पण तुला मिळालं याचा मला मनापासून आनंद आहे. हे सगळं इवल्याशा वाक्यात!"

त्याने गठ्ठ्यावरून माझ्याकडे पाहिलं. डोळे चांगले होते… हे मला उगाच दिसलं.

"आणि थोरली खरं बोलतेय?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. मी तणतणत वर निघून गेले.

घरी आईला विचारलं, आपल्यात याला काय म्हणतात गं? आई भाजी निवडत होती. म्हणाली, "दुसऱ्याचं बघवत नाही, याला ढीगभर शब्द आहेत बघ. जळफळाट, पोटदुखी, डोळ्यांत खुपणं. बघवतं, याला मात्र एक नाही. कुणाला लागलाच नसेल!"

आमच्या कचेरीची एक रीत आहे. पुस्तक प्रकाशकाकडे जाण्याआधी अनुवादकाने ते मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ पुस्तक समोर धरून ऐकायचं. जिथं खोटं वाटेल तिथं पेन्सिलीने टेबलावर टक्! कारण सांगायचं नाही. ज्याचं त्याने ओळखायचं. आणि माझं पुस्तक ऐकायला आमच्या साहेबांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, बसवलं कुणाला? याच निविदारावांना!

"'आय अ‍ॅम हॅपी फॉर यू,'" मी थोरलीचं वाक्य वाचलं.

टक्.

"'यू डिझर्व्ह इट.'"

टक्.

"'आय डोन्ट बिग्रज यू…' म्हणजे, तुझं मला खुपत नाही…"

"या वेळची टक् तर तुमच्याच कपाळावरच्या आठीत दिसतेय," तो म्हणाला.

हळूहळू पेन्सिल पुस्तकाबाहेर पडली. मी म्हणावं, मला चहा नको, की टक्. "तुमची वाट नव्हते बघत, सहज खिडकीशी उभी होते" यावर तर चांगली दोनदा टक्! मी डोळे वटारायची, तो निरागस चेहऱ्याने पान उलटायचा. मला आता कुठंच चैन पडेना. घरी आईने चमचा आपटला तरी मी दचकायचे, आणि मग सुटीच्या दिवशी कचेरी बंद का ठेवतात म्हणून चिडायचे.

त्यात समुद्रकाठच्या एका घराचा निकाल यायचा होता. दरवर्षी एका अनुवादकाला तिथं वर्षभर राहायला बोलावतात. स्वतःची खोली, खिडकीत समुद्र, आणि मनाजोगतं पुस्तक. गेल्या वर्षी माझं थोडक्यात हुकलं होतं. यंदा मी पुन्हा अर्ज केला होता, आणि त्यानेही. त्याला त्या घराबद्दल डोळे चमकवत सांगितलं कुणी, तर मीच! आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा.

निकालाच्या दिवशी मोठ्या बाई दारात आल्या. माझ्याकडे न बघता त्याच्याकडे बघून हसल्या. मला तेवढ्यानेच कळलं.

त्या गेल्यावर मी म्हणाले, "अभिनंदन! मला खूप आनंद झाला."

त्याने पेन्सिल उचलली… आणि अलगद खाली ठेवली. दया दाखवत होता. ते माझ्याने सोसवेना.

"वाजव ना! खोटं बोलतेय मी, वाजव!"

"मी नाही म्हणून कळवतो," तो खाली बघत म्हणाला. "जागा तुझीच होती."

"खबरदार! मला भीक नकोय." मी उठले, टेबलाला एक फेरी मारली, दुसरी मारली. "ऐक. ती खोली मला हवी होती. अजूनही हवी आहे. जीव जळतोय माझा. आणि तरी… ती तुला मिळावी, असं वाटतंय. तू तिथं बसून निविदा सोडून काहीतरी चांगलं करावंस. दोन्ही खरं आहे, काय करू!"

मी थांबले. थोरलीही खोटं बोलत नव्हती. तिलाही ते घर अजून हवंच होतं.

"'आय वाँट यू टू हॅव इट,'" मी हळूच म्हणून पाहिलं.

खोलीत काहीच वाजलं नाही. इतकं सोपं वाक्य, शाळेतल्या पोरालाही जमेल असं!

"लिही," तो म्हणाला. मी लिहिलं.

"म्हणजे खोली माझी, समुद्र माझा… सगळं मिळू दे म्हणतेस?"

"सगळं."

"आणि शेजारच्या खोलीत एखादी कवयित्री निघाली तर? म्हणजे… चांगली असली तर?"

त्याचे कान लाल झाले होते. माझेही झाले असणार.

"ती मिळू देणार नाही," मी म्हणाले. "तिथं माझं मन मोठंबिठं नाही. खोली घे, समुद्र घे, पण तुला मी कुणाला देणार नाही. आवडतोस तू मला… कळलं?"

मी पुन्हा फेरी मारायला निघाले. त्याने माझं मनगट धरलं.

"वर्ष मोठं असतं," तो म्हणाला. "राहवेल तुला?"

"छे! पहिल्याच सुटीला येऊन धडकणार आहे मी," मी म्हणाले. "आणि समुद्र बघायला नाही."